चाव्या आणणार की नेणार? 'येबार' या स्पॅनिश क्रियापदाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते, आधी क्लास होता, आता बहुतेक सगळं ऑनलाइन. हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे, तिला विचारूनच लिहितेय, नाव देत नाही आणि एक-दोन बारीक गोष्टी बदलल्यात. ती मूळची नाशिकची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, माझ्याकडे ए-टू लेव्हलपर्यंत, म्हणजे युरोपीय भाषा-पातळ्यांच्या सहापैकी दुसऱ्या पायरीपर्यंत शिकली, मार्क चांगले, व्याकरण पक्कं, क्रियापदांची रूपं झोपेतून उठवून विचारली तरी सांगेल अशी. कंपनीनं तिला बार्सिलोनाला पाठवलं आणि सप्टेंबरात ती तिकडे पोचली.

खोली मिळाली ओस्पितालेतमध्ये. हे बार्सिलोनाला अगदी चिकटून असलेलं वेगळं शहर आहे, कुठे हद्द बदलली कळतसुद्धा नाही. घरमालकीण साठीच्या बाई, मूळच्या दक्षिणेकडच्या, आंदालुसियाच्या, घरात स्पॅनिशच बोलतात, इंग्रजी जवळजवळ शून्य. त्या स्वतः राहतात बादालोनाला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, मेट्रो बदलून जायला पाऊण-एक तास लागतो. सगळा संवाद व्हॉट्सॲपवर, छोटे छोटे मेसेज.

आता दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या आणि पुढचं सगळं त्यातून झालं. एक, तिचं बँकेचं खातं अजून चालू झालं नव्हतं त्यामुळे ऑक्टोबरचं भाडं, साडेचारशे युरो, आठवडाभर थकलं होतं आणि तिला त्याची फार लाज वाटत होती. दोन, इमारतीच्या मुख्य दाराचं कुलूप बदलणार होते, नवीन चाव्या मालकीणबाईंकडे येणार होत्या. हे दुसरं तिला सांगितलं होतं पण स्पॅनिशमध्ये, जिन्यात, घाईत, आणि ती हो हो म्हणाली होती. कळलं नव्हतं.

अडचण

एका संध्याकाळी बाईंचा मेसेज आला: 'मान्याना ते येबो लास याबेस. आ के ओरा एस्तास एन कासा?' मान्याना म्हणजे उद्या, लास याबेस म्हणजे चाव्या, आणि दुसरं वाक्य म्हणजे तू किती वाजता घरी असतेस. मधला शब्द येबो, मूळ क्रियापद येबार. स्पेलिंग दोन एल, मग ई, व्ही, ए, आर, पण स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी दोन एलचा उच्चार य आणि व्हीचा ब, म्हणून कानाला येबार.

तिनं ते असं वाचलं: उद्या तुझ्या चाव्या नेते, कधी घरी आहेस सांग. म्हणजे खोली काढून घेतायत. भाडं थकलंय, बाईंनी आठवडाभर काही म्हटलं नाही, आणि आता हे.

खरा अर्थ बरोबर उलटा होता. उद्या तुझ्याकडे चाव्या घेऊन येते. नवीन चाव्या, नवीन कुलुपाच्या. बाई बिचाऱ्या तासभर मेट्रोनं येऊन द्यायला निघाल्या होत्या.

इथे जरा थांबते कारण हाच सगळा गाभा आहे. मराठीत येणं-जाणं आणि आणणं-नेणं हे ठरवताना आपण बोलणाऱ्याचं ठिकाण बघतो आणि ऐकणाऱ्याचंही. मी फोनवर तुला म्हणते 'उद्या तुझ्याकडे येते, येताना डबा आणते'. मी पुण्यात आहे, तू नाशकात, जाणार मीच आहे, पण तुझ्याशी बोलताना मी 'जाते' म्हणत नाही. ऐकणाऱ्याच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि तिथून बोलायचं, ही आपली सवय इतकी खोल आहे की आई आतून हाक मारते तर आपण 'आले आले' म्हणतो, निघायच्या आधीच भूतकाळ.

स्पॅनिश तसं करत नाही. ती बोलणाऱ्याच्या पायाशी खिळलेली असते. बेनीर (येणं) आणि त्राएर (आणणं) हे फक्त मी आत्ता जिथे आहे त्या जागेकडे. बाकी सगळीकडे, अगदी समोरच्याच्या घरीसुद्धा, ईर (जाणं) आणि येबार. त्यामुळे आईच्या हाकेला स्पॅनिश मूल ओरडतं 'या बोय', शब्दशः 'जातोच', आणि त्याचा अर्थ आलोच. आणि बादालोनाला सोफ्यावर बसून ओस्पितालेतच्या मुलीला चाव्या द्यायच्या असतील तर बाई 'ते येबो' म्हणणार, 'ते त्राइगो' नाही.

कोण कुठून बोलतंय यावर शब्दाचा अर्थ ठरतो, भाषाशास्त्रात याला डेइक्सिस म्हणतात, अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९७१ साली कॅलिफोर्नियात सांताक्रूझला दिलेल्या व्याख्यानांमध्ये इंग्रजीतल्या येण्या-जाण्यावर यातलं खूप काही मांडलंय. इंग्रजी या बाबतीत आपल्या बाजूची आहे. म्हणून इंग्रजीतून स्पॅनिश शिकलेल्या मराठी माणसाला दोन्हीकडून चुकीचंच पाठबळ मिळतं.

आणि तो छोटासा 'ते'. ते म्हणजे तुला. 'ते येबो लास याबेस' मध्ये चाव्या कुणाच्या हे कुठेच म्हटलेलं नाही, फक्त 'तुला' आहे. तिनं तो 'तुझ्या' असा वाचला. हे अगदीच अडाणीपणाचं नाही, कारण 'ते कितो लास याबेस' असं असतं तर त्याचा अर्थ खरंच तुझ्याकडून चाव्या काढून घेते असा झाला असता, तोच 'ते', फक्त क्रियापद वेगळं. आणि स्वतःसाठी उचलून न्यायचं तर स्पॅनिश माणूस 'मे येबो' म्हणतो, स्वतःला दाखवणारा 'मे' लावून. दुकानात वस्तू पसंत पडली की 'मे लो येबो', हे घेते मी. मालकीणबाईंच्या वाक्यात 'मे' नव्हता. सगळा अर्थ त्या एका अक्षरावर होता आणि घाबरलेल्या माणसाला अक्षरं दिसत नाहीत.

समोर काय पर्याय होते

तिनं नंतर मला सगळं नीट सांगितलं, त्या रात्री तिच्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते.

पहिला पर्याय भाषांतराचं ॲप. ते तिनं लगेच केलं. ॲपनं इंग्रजीत जे दिलं त्यात टेक होता, यू होता आणि कीज होत्या, आणि भीती मनात असल्यामुळे तिनं ते सुद्धा चाव्या घेऊन जाण्याचंच वाचलं. म्हणजे ॲप चुकलं नव्हतं, पण उपयोगही झाला नाही.

दुसरा, ऑफिसमधल्या सहकाऱ्याला विचारणं. तो कातालान, म्हणजे बार्सिलोनाच्या भागातलाच, स्पॅनिशखेरीज कातालान ही तिथली वेगळी भाषा बोलणारा, चांगला मुलगा. पण भाडं थकलंय आणि मालकीण बाहेर काढतेय हे ऑफिसात कुणाला दाखवायचं तिला नको होतं. हे मी समजू शकते. परदेशात पहिल्या महिन्यात माणूस फार एकटा असतो आणि अब्रूला फार जपतो.

तिसरा, बाईंनाच सरळ विचारणं की नक्की काय म्हणायचंय. हा तिला सुचला होता पण तिला वाटलं, ए-टू झालंय, एवढं साधं वाक्य, 'कळलं नाही' म्हणायचं तर आणखी वाईट दिसेल.

चौथा, मला विचारणं. तेव्हा पुण्यात रात्रीचे दोन वाजून गेले होते. तिनं नाही केला फोन. करायला हवा होता असं मी आज म्हणेन पण तिनं माझी झोप मोडली नाही त्याबद्दल तिला काय बोलणार.

पाचवा तिनं निवडला, रोख पैसे काढायचे आणि उद्या स्वतः बादालोनाला जाऊन बाईंच्या हातात द्यायचे, आणि तसं कळवायचं.

काय केलं

तिचं उत्तर असं होतं: 'पोर फाबोर नो. यो बेंगो मान्याना आ लास स्येते कोन एल दिनेरो.' तिच्या मनात: कृपा करून नको, मी उद्या सात वाजता पैसे घेऊन येते.

बघा, पुन्हा तीच गाठ, या वेळी उलट दिशेनं. मराठीतून आलेलं 'येते', तुमच्याकडे येते. पण स्पॅनिशमध्ये बेंगो म्हणजे मी इथे येते, माझ्या जागी. बाईंनी वाचलं: ही बाहेर आहे, उद्या सातला पैसे घेऊन घरी येतेय. त्यांनीच तर विचारलं होतं किती वाजता घरी असतेस, त्याचं उत्तर मिळालं, सात वाजता. आणि 'पोर फाबोर नो' त्यांना संकोच वाटला, नको हो तुम्ही कशाला त्रास घेताय असा. त्यांनी अंगठा पाठवला.

म्हणजे दोन मेसेज, दोन्ही व्याकरणानं बरोबर, दोघींना वाटलं ठरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक जण पर्समध्ये साडेचारशे युरो घेऊन ओस्पितालेतहून बादालोनाला निघाली आणि दुसरी पिशवीत चाव्या घेऊन बादालोनाहून ओस्पितालेतला. बहुतेक जमिनीखाली कुठेतरी एकमेकींच्या बाजूनं गेल्या असतील.

सातला बाईंच्या दारात बेल वाजवली, कुणी नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. तिकडे बाई हिच्या दारात. बाईंचा फोन आला, त्या भरभर बोलतायत, आंदालुसियाकडच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचे स गळतात, क्लासमध्ये ऐकलेली स्पॅनिश ती नव्हेच, हिला एवढंच कळलं की बाई वैतागल्यात. फोन ठेवून तिनं मला केला. इकडे रात्रीचे अकरा वाजत होते. रडत होती.

मी म्हटलं, 'आधी दोन्ही मेसेज जसेच्या तसे पाठव, तू काय समजलीस ते नंतर सांग.' हे बरं केलं मी, कारण ती सांगत होती 'मॅडम, त्या चाव्या घ्यायला आल्यात आणि मी घरी नाही', आणि तेवढ्यावर मी सल्ला दिला असता तर आणखी गोंधळ. मेसेज वाचले आणि दोन सेकंदांत उलगडा झाला. तिला म्हटलं, 'अगं त्या चाव्या द्यायला आल्यात तुला.' पलीकडे बराच वेळ शांतता.

मग पुढचा निर्णय, आता काय कळवायचं. तिला लांबलचक माफी लिहायची होती, बँकेचं खातं, भाडं, सगळी कहाणी. मी नको म्हटलं. बाई तिच्या दारात उभ्या आहेत, त्यांना आत्ता फक्त दोन गोष्टी कळायला हव्यात, ही कुठे आहे आणि चूक कशी झाली. आणि मी मुद्दाम ठरवलं की या मेसेजमध्ये येणं, जाणं, आणणं, नेणं यातलं एकही क्रियापद नको. आम्ही लिहिलं: 'पेर्दोने, लो एन्तेंदी आल र्रेबेस. एस्तोय एन बादालोना, एन सु प्वेर्ता.' माफ करा, मी उलटं समजले, मी बादालोनाला आहे, तुमच्या दारात. आहे, एस्तोय. त्यात दिशा नाही, फक्त जागा आहे.

अर्ध्या मिनिटात बाईंचं उत्तर, आधी हसण्याच्या चेहऱ्यांची एक ओळ आणि मग 'ते देखो लास याबेस एन ला फ्रुतेरिआ दे आबाखो', खालच्या फळवाल्याकडे चाव्या ठेवते. देखार म्हणजे ठेवणं, सोडणं. किती सुरेख क्रियापद निवडलं बाईंनी, त्यात गैरसमजाला जागाच नाही. पैशांचं काय असं तिनं विचारलं तर बाई म्हणाल्या खातं चालू झालं की ट्रान्सफर कर, एवढी रोख घेऊन रात्री फिरू नकोस.

काय झालं

रात्री साडेआठला फळवाल्यानं तिला पाकीट दिलं, दोन चाव्या, एक मुख्य दाराची, एक तिच्या खोलीची जादा. खातं पुढच्या आठवड्यात चालू झालं, भाडं गेलं. बाई एका अक्षरानं बोलल्या नाहीत. उलट नंतर एकदा स्वतःहून मेसेज आला की उद्या तुझ्यासाठी तोर्तिया 'येबो', आणि पुढे 'नो येबा कार्ने, येबा सेबोया'. तिनं मला स्क्रीनशॉट पाठवला, या वेळी घाबरून नाही. स्पॅनिश तोर्तिया म्हणजे अंडं-बटाट्याचं जाड ऑम्लेट, आणि बाई सांगत होत्या की त्यात मांस नाही, कांदा आहे. म्हणजे एका मेसेजमध्ये येबार तीनदा, दोन वेगळ्या अर्थांनी.

कारण हे क्रियापद फक्त नेण्याचं नाहीच. पदार्थात काय घातलंय ते येबार. अंगात काय घातलंय तेही येबार, चष्मा, साडी, दागिने. हॉटेलात पार्सल हवं तर 'पारा येबार'. दोघींचं पटतं हे 'येबार्से ब्येन'. आणि मला सगळ्यात आवडतं ते काळाचं, 'येबो दोस मेसेस आकी', मला इथे येऊन दोन महिने झाले. दोन महिने मी वाहतेय, अंगावर घेऊन चाललेय, असं काहीतरी त्यात आहे. मूळ लॅटिन लेवारे, उचलणं, हलकं करणं. तर त्राएरचं मूळ त्राहेरे, ओढणं, ट्रॅक्टर त्याच घराण्यातला. म्हणून त्राएर म्हणजे आपल्याकडे ओढणं आणि येबार म्हणजे उचलून पुढे चालणं, हे ज्याला एकदा दिसलं त्याला दिशा सहसा चुकत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी माझं. मी इतकी वर्षं शब्दांचा एक तक्ता देत होते, दोन रकाने, येबार समोर नेणं, त्राएर समोर आणणं. पाठ करायला सोपा. तो तक्ता चुकीचा आहे असं नाही, अर्धा आहे, आणि अर्धी गोष्ट माणसाला भलत्या मेट्रोत बसवते. आपल्या भाषेत आणणं म्हणजे आ अधिक नेणं, संस्कृत नी धातूला आ लागून झालेला शब्द, म्हणजे नेणंच पण इकडे. मग 'इकडे' म्हणजे कुणाकडे, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारलाच नव्हता. मराठीत इकडे माझं असतं किंवा तुझं असतं. स्पॅनिशमध्ये माझंच. हे एक वाक्य मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आता मी तक्ता देत नाही. दोघांना फोनवर असल्यासारखं बसवते, प्रत्येकाच्या हातात कागद, त्यावर गावाचं नाव, आणि सांगते की एकमेकांकडे वस्तू पोचवायच्या, बोलायच्या आधी स्वतःच्या पायाखाली बोट दाखवायचं. बोट ज्या जागेवर, तिकडे वस्तू येत असेल तरच त्राएर. पोरं चुकतात, पुन्हा करतात. आमच्या एका बॅचला दीड तास लागला होता यावर आणि मला तो वेळ फुकट गेला असं वाटलं नाही.

तिच्या बाजूनं बघायचं तर, तिसरा पर्याय खरा पर्याय होता. 'कळलं नाही' असं उघड म्हणायचा संकोच असेल तर दिशा नसलेली क्रियापदं वापरून विचारता आलं असतं, चाव्या तुम्ही मला देणार आहात की माझ्याकडून घेणार आहात. देणं म्हणजे दार, काढून घेणं म्हणजे कितार, ही दोन्ही तिला येत होती. आणि भेट ठरवताना जागेचं नाव लिहायचंच, 'एन मी कासा' की 'एन सु कासा', माझ्या घरी की तुमच्या घरी. दोन शब्द जास्त, तासभराची फेरी वाचली असती. मालकीणबाईंना तर काय दोष द्यायचा, त्यांचं वाक्य अगदी रोजचं होतं. फक्त 'नवीन' हा एक शब्द चाव्यांच्या पुढे असता तरी भागलं असतं.

एक गोष्ट मात्र मला आधी लक्षात आली नव्हती ती या मुलीमुळेच कळली. ती म्हणाली, 'मॅडम, मी ऑफिसात ऐकलं होतं हो, तो कातालान मुलगा फोनवर समोरच्याला येतो येतो म्हणायचा, म्हणून मला वाटलं बेंगो बरोबर.' आणि तिचं खरं होतं. कातालान भाषेत समोरच्याकडे जातानाही येणंच वापरतात, 'झा बिंक', आलोच, अगदी मराठीसारखं. आणणं-नेणं दोन्हीला त्यांच्याकडे एकच क्रियापद चालतं, पुर्तार. त्यामुळे बार्सिलोनाच्या काही लोकांच्या स्पॅनिशमध्येसुद्धा हे डोकावतं. म्हणजे तिचा कान चुकला नव्हता, तो दुसऱ्या भाषेवर होता. तिला बार्सिलोनाला पाठवताना हे मी सांगायला हवं होतं, आता तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आणि एक ठिकाण असंही आहे जिथे आपली सवय स्पॅनिशला चपखल बसते. आपण घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते हं' म्हणतो. स्पेनमध्ये थोड्या वेळासाठी बाहेर पडताना म्हणतात 'आओरा बेंगो', लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'या बेंगो', आत्ता येते, म्हणजे परत इथेच येते. तिला हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली. आता ती खाली फळवाल्याकडे जाताना घरातल्या दुसऱ्या भाडेकरूला रोज 'आओरा बेंगो' म्हणून निघते. पण दाराची बेल वाजली की अजूनही तोंडातून आधी 'बेंगो' निघतं आणि मग ती 'बोय, बोय' करत दाराकडे पळते.